गुआव्हाची इम्युटेबल कलेक्शन्स: दुधाच्या दरपत्रकावर सात वर्षं वापरून

"मॅडम, ज्याचं दूध पातळ त्याला जादा दर आणि ज्याचं घट्ट त्याला कमी, असं कसं वो?"

२०१८ च्या पावसाळ्यात एका गावच्या दूध संस्थेच्या सचिवांचा सकाळी साडेसातला हा फोन आला. सकाळचं संकलन चालू होतं. पाठीमागे किटल्यांचे आवाज येत होते आणि रांगेतली माणसं वैतागून बोलत होती, तेही ऐकू येत होतं. आम्ही तिघं मिळून कोल्हापुरातून गावोगावच्या दूध संस्थांसाठी जावामध्ये सॉफ्टवेअर बनवतो. म्हशीच्या दुधाचं दरपत्रक तेव्हा आमच्या प्रोग्रॅममध्ये साध्या ॲरेलिस्टमध्ये, म्हणजे हवी तशी बदलता येणाऱ्या यादीत असायचं: ५.० फॅटपासून १०.० पर्यंत, प्रत्येक पॉइंटला (०.१ फॅटला) एक ओळ, एकूण ५१ ओळी. फॅट आलं की बायनरी सर्च करायचा (मधली ओळ बघून दर वेळी अर्धी यादी सोडून द्यायची), बरोबर ओळ सापडली नाही तर तिच्या खालची घ्यायची, आणि फॅट ५.० च्याही खाली असेल तर पहिली ओळ लावायची.

ती यादी कुणीतरी उलटी केली होती. आदल्या संध्याकाळी सचिवांनी 'दरपत्रक उतरत्या क्रमाने' हा रिपोर्ट छापला. रिपोर्टच्या कोडने गेटरकडून, म्हणजे आतली माहिती बाहेर देणाऱ्या मेथडकडून, यादी मागितली, गेटरने आतली खरी यादीच हातात दिली आणि रिपोर्टने ती जागच्या जागी उतरत्या क्रमाने लावून टाकली. उलट्या यादीवर बायनरी सर्च चालवला की काय होतं, हे वहीवर मांडून पाहण्यासारखं आहे. मधली ओळ ७.५ ची. फॅट ६.२ आलं तर शोध 'लहान बाजूला' म्हणून डावीकडे जातो, पण तिथे आता सगळे मोठे आकडे बसलेले. तो डावीकडे सरकत सरकत पहिल्या ओळीवर पोचतो, म्हणजे १०.० फॅटचा दर लागतो. फॅट ८.० आलं तर तसाच उजवीकडे शेवटपर्यंत घसरतो आणि ५.० चा दर लागतो. बरोबर ७.५ फॅटवाल्याला तेवढा योग्य दर मिळतो. सचिवांनी एका वाक्यात सांगितलेलं तंतोतंत खरं होतं.

त्या दिवसापासून 'फक्त वाचायची यादी' हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला राहिला नाही. गुआव्हा ही गूगलची जावासाठीची मोफत लायब्ररी आहे, अपाचे २.० परवान्याखाली मिळते. तिच्यात बरंच काही आहे, पण हा रिव्ह्यू फक्त तिच्या इम्युटेबल कलेक्शन्सचा, म्हणजे एकदा बनल्यावर बदलता न येणाऱ्या याद्या, संच, तक्ते यांचा आहे. आम्ही ती सात वर्षं रोज वापरतोय, आणि ज्यांच्या घरचा खर्च दर दहा दिवसांच्या बिलावर चालतो अशा माणसांच्या हिशेबासाठी वापरतोय.

गुआव्हा पहिल्याच दिवशी आली नाही. त्या दिवशी दुपारी मी जे केलं ते बहुतेक जण करतात: गेटरमध्ये कलेक्शन्स.अनमॉडिफायेबललिस्ट लावलं. ही सोय जावामध्ये १.२ आवृत्तीपासून, म्हणजे १९९८ पासून, सगळा कलेक्शन्स फ्रेमवर्क आला तेव्हापासूनच आहे. एका ओळीचं काम. लगेच रिपोर्ट अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन देऊन पडला आणि चोर सापडला. मला वाटलं, झालं काम.

पुढच्या महिन्यात ११ तारखेला दुसऱ्या संस्थेत बिल काढणं मध्येच थांबलं. दूध संघाचं नवं दरपत्रक आलं होतं. तिथल्या क्लार्कने एका खिडकीत बिल चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत नवे दर भरले. आमचा दर भरणारा कोड त्याच जुन्या ॲरेलिस्टवर आधी क्लिअर आणि मग ॲडऑल करायचा. बिलाच्या थ्रेडकडे (प्रोग्रॅममध्ये बाकीच्या कामांसोबत स्वतंत्र चालणाऱ्या कामाकडे) 'बदलता न येणारी' यादी होती, पण ती मधल्या क्षणी रिकामी झाली आणि पहिली ओळ काढायला गेल्यावर इंडेक्सचं एक्सेप्शन आलं. पडलं तेच बरं झालं. न पडता पुढे गेलं असतं तर एकाच बिलात अर्ध्या सभासदांना जुना दर आणि अर्ध्यांना नवा लागला असता, आणि ते कुणाच्या लक्षात कधी आलं असतं सांगता येत नाही.

इथे मला पहिल्यांदा नीट कळलं की अनमॉडिफायेबल म्हणजे खोलीला लावलेली काच. काचेतून हात घालता येत नाही हे खरं, पण आतला माणूस सामान हलवतो ते बाहेरच्याला दिसतच राहतं. ती कॉपी नाही, मूळ यादीवरचं आवरण आहे. मूळ यादी ज्याच्या हातात आहे तो ती केव्हाही बदलू शकतो. मला हवा होता त्या क्षणाचा फोटो.

तेव्हा गावातल्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ आणि जावा ८ होतं. जावा ९ मध्ये सप्टेंबर २०१७ ला आलेलं लिस्ट.ऑफ आणि जावा १० मध्ये मार्च २०१८ ला आलेलं लिस्ट.कॉपीऑफ आम्हाला वापरताच येत नव्हतं. म्हणून गुआव्हाचं इम्युटेबललिस्ट.कॉपीऑफ घेतलं. नवे दर आले की नवी यादी बनवायची आणि व्होलाटाइल फील्डमध्ये (त्यातला बदल सगळ्या थ्रेडना लगेच दिसतो) जुनीच्या जागी ती ठेवायची. बिल काढणारा थ्रेड सुरुवातीलाच यादीचा रेफरन्स उचलतो आणि शेवटच्या सभासदापर्यंत तोच वापरतो. जुनी यादी जशीच्या तशी राहते, तिला हात लावायला कुणालाच वाव नाही. लॉक नाही, सिंक्रोनाइज्ड नाही. त्यानंतर दोन दरांचं मिश्र बिल आमच्याकडे एकदाही निघालेलं नाही.

गुआव्हाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वचन टाइपच्या नावातच लिहिलेलं असतं. जावामध्ये फक्त वाचायच्या यादीसाठी वेगळा इंटरफेस नाही. कलेक्शन्स घडवणाऱ्यांनी तो जाणूनबुजून ठेवला नाही. बदलता येणारी, न येणारी, लांबी ठरलेली असे सगळे प्रकार वेगळे केले तर इंटरफेसचं जंगल होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे ॲड, रिमूव्ह या मेथड प्रत्येक लिस्टवर दिसतात आणि चालतील की नाही ते रनटाइमला कळतं. ॲरेज.ॲजलिस्टचं तर आणखी विचित्र: ॲड चालत नाही, पण सेट आणि सॉर्ट चालतात, आणि मूळ ॲरेसुद्धा बदलतो. आमचा रिपोर्ट त्याच्यावर निमूटपणे चालला असता.

इम्युटेबललिस्ट हा इंटरफेस नसून क्लास आहे आणि त्याचा कन्स्ट्रक्टर पॅकेजबाहेर उघडा नाही. बाहेरचा कुणी त्याचा सबक्लास काढून आतून बदलणारी यादी त्या नावाखाली खपवू शकत नाही. मेथडच्या सहीत (सिग्नेचरमध्ये) इम्युटेबललिस्ट दिसलं की मी डोळे झाकून विश्वास ठेवते. शिवाय ॲड, रिमूव्ह, सेट या मेथडवर डेप्रिकेटेडचा ('वापरू नका'चा) शिक्का असतो, त्यामुळे एडिटरमध्ये त्यांच्यावर काट पडलेली दिसते. एरर प्रोन हा तपासनीस जोडला तर ते कंपाइलच होत नाही. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात दरपत्रकावर सेट लिहिलं, काट पाहिली आणि मला विचारायला आला. पूर्वी अशी चूक आम्हाला सचिवांच्या फोनवरून कळली होती. एक काळजी मात्र घ्यावी लागते: व्हेरिएबल नुसतं लिस्ट म्हणून जाहीर केलं तर ही काट दिसत नाही. आपल्या सहीत इम्युटेबललिस्ट हेच नाव लिहायचं.

कॉपीऑफचा खर्च किती, असं बरेच जण विचारतात. आधीच इम्युटेबल असलेली यादी दिली तर ते सहसा कॉपी करत नाही, तीच परत देतं. मोठ्या यादीचा छोटा तुकडा दिला तर मात्र कॉपी करतं, नाहीतर चार ओळींसाठी सगळी मोठी यादी मेमरीत अडकून राहील. हे वाचलं तेव्हा बनवणाऱ्यांबद्दल आदर वाटला.

नलबद्दल, म्हणजे किंमतच नसलेल्या रिकाम्या जागेबद्दल, गुआव्हा कडक आहे, अजिबात चालवून घेत नाही. गूगलने स्वतःचा कोड तपासला तेव्हा नल चालवून घेणारी कलेक्शन्स साधारण ५ टक्केच निघाली, बाकीच्या ठिकाणी नल दिसताच लगेच पडणंच सोयीचं होतं, असं गुआव्हाच्या माहितीपत्रात लिहिलं आहे. मला सुरुवातीला हा जाच वाटला, कारण संघाकडून एक्सेलमध्ये येणाऱ्या दरपत्रकात कुठेतरी रिकामी ओळ असतेच. पण गुआव्हा पडताना कितव्या इंडेक्सला नल आहे ते सांगते. मी सचिवांना फोनवर म्हणू शकते, "दादा, शीटमधली बेचाळिसावी ओळ बघा." जावाचं स्वतःचं लिस्ट.कॉपीऑफही नल नाकारतं, पण इंडेक्स सांगत नाही. त्याहून त्रासाचं म्हणजे लिस्ट.ऑफने बनवलेल्या यादीला 'तुझ्यात नल आहे का' असं कंटेन्सने विचारलं तरी ती नलपॉइंटरएक्सेप्शन फेकते. गुआव्हा साधं 'नाही' म्हणते.

क्रमाचा फरक आम्हाला बिलावर दिसला. २०२३ मध्ये आम्ही जावा १७ वर आलो. आता भाषेतच सोय आहे तर बाहेरची लायब्ररी कशाला, असं माझा सहकारी म्हणाला. मलाही पटलं. त्याने कपातींची नावं सेट.ऑफमध्ये टाकली: पशुखाद्य, उचल, शेअर्स, औषधं. दुसऱ्या दिवशी बिलावरच्या रकान्यांचा क्रम बदलला. प्रोग्रॅम बंद करून उघडला की पुन्हा वेगळा. आकडे बरोबर, पण गेली कित्येक वर्षं बिलावर पहिला रकाना पशुखाद्याचा बघायची सवय असलेल्या माणसाला तिथे उचल दिसली की तो खिडकीशी येऊन उभा राहतो, आणि त्याचं बरोबरच आहे. सेट.ऑफ आणि मॅप.ऑफचा क्रम प्रत्येक वेळी बदलतो तो मुद्दाम, कुणी क्रमावर विसंबू नये म्हणून. गुआव्हाचे इम्युटेबलसेट आणि इम्युटेबलमॅप घातलेला क्रम जपतात. ती चार नावं आम्ही त्याच दिवशी परत गुआव्हात नेली.

तरीही नवीन प्रकल्प जावा १७ किंवा पुढे असेल आणि गरज फक्त याद्यांची असेल, तर गुआव्हा आणू नका, असंच मी सांगेन. लिस्ट.कॉपीऑफ पुरेसं आहे. तेही खरी कॉपी देतं आणि तशाच प्रकारची यादी दिली तर फुकटची कॉपी टाळतं. स्ट्रीमच्या शेवटी लावायचं टूलिस्ट जावा १६ पासून आहे. तेही बदलता न येणारी यादी देतं, फक्त त्यात नल चालतो, हे ध्यानात ठेवा. एका लिस्ट.कॉपीऑफसाठी सुमारे ३ एमबीची जार (लायब्ररीची फाइल) ओढून आणणं मला पटत नाही.

ओझं फक्त जारचं नाही. दुसऱ्या एखाद्या लायब्ररीने गुआव्हाची जुनी आवृत्ती सोबत आणली आणि बिल्डमध्ये तीच निवडली गेली, तर कंपाइल सगळं नीट होतं आणि गिऱ्हाइकाकडे नोसचमेथडएरर येतो. आमच्यावर ही वेळ आली आहे, आणि दोष आमचा होता, आवृत्ती बांधून ठेवली नव्हती. आवृत्तीच्या नावापुढे जेआरई आणि अँड्रॉइड अशा दोन शेपट्या असतात, त्यातली योग्य ती निवडावी लागते. जेसनमधून इम्युटेबललिस्ट वाचायची तर जॅक्सनला (जेसन वाचणाऱ्या लायब्ररीला) गुआव्हाचं वेगळं मॉड्यूल जोडावं लागतं. हायबरनेट ही डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी; तिच्या एंटिटीमध्ये (डेटाबेसच्या नोंदीसाठीच्या क्लासमध्ये) तर इम्युटेबललिस्टचं नावच काढू नका. तिथे कलेक्शन इंटरफेसनेच जाहीर करावं लागतं, कारण हायबरनेट त्या जागी स्वतःची यादी बसवतं. आम्ही एंटिटीत साधी लिस्ट ठेवतो आणि डेटाबेसच्या थरातून बाहेर पडतानाच कॉपीऑफ करतो.

आणि एक गोष्ट कुठलीच लायब्ररी तुमच्यासाठी करत नाही. यादी गोठली म्हणजे यादीतल्या वस्तू गोठल्या असं होत नाही. आमच्या दराच्या ओळीला सेटदर नावाची मेथड होती. यादी इम्युटेबल, आणि कुणीही ओळ उचलून तिचा दर बदलू शकत होता! हे मला सहा महिन्यांनी कोड वाचताना दिसलं. तोवर कुणी ती मेथड चुकीच्या जागी वापरली नव्हती, हे नशीब. सगळे सेटर काढले, फील्ड फायनल केली. जावा १७ वर आल्यावर त्या ओळी रेकॉर्ड (फील्ड बदलता न येणारा जावाचा क्लास) झाल्या. रेकॉर्डच्या पोटात यादी असेल तर कन्स्ट्रक्टरमध्ये तिची कॉपी करायला विसरू नका, नाहीतर रेकॉर्ड फक्त वरवर गोठलेला राहतो.

पुण्यात डॉटनेटवर काम करणाऱ्या मैत्रिणीशी यावर बोलताना एक गोंधळ झाला, तो इथे नोंदवते. तिच्याकडेही इम्युटेबललिस्ट याच नावाचा क्लास आहे, पण त्याच्यावर ॲड केलं की एक्सेप्शन न येता नवी यादी परत मिळते, आणि आतून ते झाड आहे, त्यामुळे इंडेक्सने वाचणं ॲरेइतकं झटपट नाही. आमच्या दरपत्रकासारखं एकदा भरून हजारदा वाचायचं काम असेल तर तिकडे इम्युटेबलॲरे किंवा डॉटनेट ८ पासून आलेली फ्रोझन कलेक्शन्स जवळची. नाव सारखं म्हणून सल्ला तसाच उचलू नये.

जुन्या अनमॉडिफायेबललिस्टलाही मी हद्दपार केलेलं नाही. संकलन चालू असताना पडद्यावर आजच्या नोंदी एकेक करून वाढत जातात. तिथे पडद्याला काचच हवी: बघ, पण हात लावू नकोस. सगळं एकाच थ्रेडवर चालतं, त्यामुळे तिथे ती चोख काम करते.

मग गुआव्हा अजून का ठेवली? तिच्यातल्या ज्या गोष्टींची बरोबरी जावामध्ये नाही, त्या नेमक्या आमच्या धंद्याच्या आहेत. काही संस्थांत दिवाळीच्या फरकाचा दर वर्षभरात घातलेल्या लिटरच्या टप्प्यांवर ठरतो. ते टप्पे आम्ही इम्युटेबलरेंजमॅपमध्ये ठेवतो. दोन टप्पे एकमेकांवर आले तर तो बनतानाच नकार देतो.

आणि खरं दरपत्रक फॅटच्या एका रांगेचं नसतंच. फॅट उभं आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आडवं असा तो तक्ता असतो. गायीच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला, म्हशीचा ६.० आणि ९.० ला, आणि तिथून वर-खाली. इम्युटेबलटेबल म्हणजे हाच तक्ता: रांग, रकाना, किंमत. अर्ध्याहून अधिक चौकटी भरलेल्या असतील तर आतून ॲरे वापरतो, विरळ असेल तर वेगळी रचना, आणि ही निवड तो स्वतः करतो. किल्ली म्हणून बिगडेसिमल ठेवू नका, कारण त्याच्या इक्वल्सच्या लेखी ३.५ आणि ३.५० वेगवेगळे आहेत आणि दर सापडणार नाही. आम्ही दहापटीचा पूर्णांक ठेवतो, ३.५ म्हणजे ३५.

गेल्या महिन्यात एका संस्थेत नवं दरपत्रक रात्री साडेनऊला भरायला घेतलं आणि प्रोग्रॅमने ते घेतलंच नाही. संदेशात रांग ६२, रकाना ९० आणि दोन किमती होत्या. एकच चौकट शीटमध्ये दोनदा आली होती, दोन वेगळ्या दरांनी. पूर्वीच्या कोडमध्ये नंतरची किंमत गपचूप आधीचीवर बसली असती. सचिवांनी संघाच्या माणसाला घरी फोन लावला, बरोबर दर विचारून घेतला आणि सव्वादहाला दरपत्रक चढलं. सकाळी सहाला संकलन नेहमीसारखं सुरू झालं.